घरासाठी छोटा कॅमेरा: झूमचा आकडा सोडा, उजेडाचा आकडा बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बजेट ३५ हजारांच्या आत. घरात आठवीतली मुलगी, साडेतीन वर्षांचा मुलगा आणि आजी. डिसेंबरात कोकण, मे महिन्यात सिमला-मनाली, मध्ये कधीतरी ताडोबा. दुकानदाराने ४० एक्स झूमचा नवाकोरा कॅमेरा हातात दिला, मेहुणे म्हणतात मोबाइल असताना पैसे घालवू नका, आणि तुमची तक्रार अशी की मुलाचा घरातला एकही फोटो धड येत नाही, सगळे हललेले. काय घ्यावं?

मिरजेत माझा स्टुडिओ आहे. लग्नं, मुंजी, शाळांचे फोटो, पासपोर्ट सगळं करतो आणि गेली पंधरा-सोळा वर्षं छोट्या कॅमेऱ्यांची दुरुस्तीही करतो. त्यामुळे लोक काय विकत घेतात आणि चार वर्षांनी काय घेऊन परत येतात, ही दोन्ही टोकं मला दिसतात. माझं उत्तर आधीच सांगतो: तो ४० एक्सचा कॅमेरा घेऊ नका. त्याच पैशांत एक इंची सेन्सरचा (सेन्सर म्हणजे कॅमेऱ्याच्या आतली उजेड टिपणारी चिप), चांगल्या लेन्सचा, पण वापरलेला कॅमेरा बघा. का, ते तुमच्याच हॉलमध्ये उभं राहून बघू.

संध्याकाळचे सात, एक ट्यूबलाइट, मुलगा सोफ्यावरून उड्या मारतोय. आपल्या डोळ्यांना खोली लख्ख दिसते, पण कॅमेऱ्याच्या हिशेबात हा फार कमी उजेड आहे. उडी मारणारं मूल स्पष्ट पकडायचं तर शटर, म्हणजे उजेड आत सोडणारा पडदा, १/२५० सेकंद किंवा त्याहून कमी वेळच उघडा हवा. लेन्सचं तोंड एफ १.८ एवढं उघडत असेल (एफचा आकडा लहान तितकं तोंड मोठं), तर या उजेडात आयएसओ, म्हणजे अपुरा उजेड कॅमेरा किती वाढवून घेतो तो आकडा, साधारण १६०० ते २००० लागतो. तेच तोंड एफ ३.३ पर्यंतच उघडत असेल, तर आयएसओ ६४०० च्या आसपास जातो. तुम्हाला दाखवलेल्या कॅमेऱ्याची मोजमापं तुम्ही लिहिली आहेत: २४ ते ९६० मिमी (मिमीचा आकडा लहान तितकं दृश्य रुंद, मोठा तितकं जवळ ओढलेलं), एफ ३.३ ते ६.९, सेन्सर १/२.३ इंच. कॅननचा एसएक्स७४० एचएस याच मापाचा, आणि त्यात आयएसओ ३२०० च्या वर जातच नाही. मग कॅमेरा काय करतो? शटर सावकाश करतो. मुलगा हलतो, फोटो हलतो. झूम करून चेहरा जवळ आणायला गेलात की एफ ६.९ लागतो आणि त्याच खोलीत शटर १/३० च्या आसपास येऊन बसतं. म्हणजे तुमची जी मूळ तक्रार आहे, तीच ३० हजार देऊन पुन्हा घरी आणायची.

कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन यावर उपाय नाही. ते तुमच्या हाताचा कंप सावरतं, मुलाला थांबवत नाही. हे दुकानात कोणी सांगत नाही म्हणून इथे ठासून सांगतो.

आता सेन्सर. ‘१/२.३ इंच’, ‘१ इंच’ ही नावं फसवी आहेत. जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांत काचेच्या नळ्या असायच्या, त्यांच्या व्यासावरून ही मापं पडली आणि तशीच राहिली. प्रत्यक्षात एक इंची सेन्सर १३.२ बाय ८.८ मिमीचा असतो, आणि १/२.३ इंची साधारण ६.२ बाय ४.६ मिमीचा. पावसाचं पाणी गोळा करायला अंगणात परात ठेवली आणि वाटी ठेवली, यात जो फरक, तोच इथे. क्षेत्रफळ चौपट. त्यात एफ ३.३ ऐवजी एफ १.८ ची लेन्स आली की आणखी सव्वातीन-साडेतीन पट. दोन्ही मिळून सेन्सरवर पडणारा उजेड सुमारे चौदा पट होतो. छोट्या कॅमेऱ्यांमध्ये याहून मोठा फरक दुसऱ्या कुठल्याच गोष्टीने पडत नाही. मेगापिक्सेलने तर नाहीच. ४ बाय ६ इंचाच्या साध्या प्रिंटला जेमतेम २ मेगापिक्सेल पुरतात, ८ बाय १२ ला साडेआठ. आज कुठलाही कॅमेरा घ्या, एवढे असतातच.

झूमबद्दल मात्र लोकांना समजावणं कठीण जातं, कारण ४० एक्स हा आकडा डोळ्यांत भरतो. मी स्वतः शेकडो घरांचे प्रवासाचे फोटो प्रिंट केले आहेत. त्यातले बहुतेक दोनच अंतरांवरून घेतलेले असतात: समोर आख्खं कुटुंब आणि मागे देऊळ, समुद्र किंवा डोंगर, हे झालं २४ ते ३५ मिमी, आणि एखादा चेहरा जवळून, म्हणजे ७० ते १०० मिमी. त्यापलीकडचा झूम सहलीच्या पहिल्या दिवशी दूरच्या होडीवर वापरून बघतात आणि मग विसरतात. शिवाय छोट्या सेन्सरवर लांबच्या झूमला निसर्गच आडवा येतो. एफ ६.९ ला प्रकाशाचा एक बारीक ठिपका सेन्सरवर साधारण ९ मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) पसरतो, आणि या कॅमेऱ्याचा एकेक पिक्सेल असतो सव्वा मायक्रॉनच्या आत. २० मेगापिक्सेल लिहिलेले असतात, पण त्या टोकाला तेवढा तपशील येणं शक्यच नसतं. मनालीत दुपारच्या धुरकट हवेत समोरच्या डोंगरावरचं घर ओढून बघा, पाण्यात भिजलेल्या चित्रासारखं दिसेल.

एका बाबतीत मात्र मोठ्या झूमला पर्याय नाही: पक्षी. भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायला दर हिवाळ्यात जात असाल, तर भर उन्हात ४० एक्स कामाचा आहे. तुमच्या प्रश्नात पक्ष्यांचं नाव नाही, ताडोब्याची एक फेरी आहे. तिथल्या कोअर क्षेत्रात सफारीला मोबाइल नेता येत नाही, तेव्हा कॅमेरा हवाच. पण पहाटेच्या उजेडात, झाडीत, हलत्या जिप्सीतून एफ ६.९ काय देणार? वाघ रस्त्यावर आला तर १०० मिमीनेही फोटो मिळतो. नाही आला तर जंगलाचा, गाडीतल्या मुलांच्या चेहऱ्यांचा मिळतो, आणि तो दहा वर्षांनी जास्त बघितला जातो.

मेहुण्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. गेल्या दोन-तीन वर्षांतला बरा मोबाइल एका क्षणात अनेक फोटो काढून ते एकमेकांत मिसळतो. त्यामुळे उन्हातलं दृश्य, सूर्यास्त, रात्रीचं स्थिर देऊळ यात तो स्वस्त छोट्या कॅमेऱ्याला सहज मागे टाकतो. म्हणून दहा-बारा हजारांचा नवा, छोट्या सेन्सरचा साधा डिजिटल कॅमेरा ‘मोबाइलपेक्षा बरा’ म्हणून घेऊ नका. तो बरा नसतो. मोबाइल हरतो तो हलणाऱ्या गोष्टींवर, कारण मिसळायला घेतलेल्या प्रत्येक फोटोत मूल वेगळ्या जागी असतं. दुसरं म्हणजे चेहरा. मोबाइलची मुख्य लेन्स साधारण २४-२६ मिमीची, चेहरा भरून घ्यायला तुम्ही हातभर अंतरावर जाता, आणि मग नाक मोठं, कान मागे. हा दोष लेन्सचा नाही, अंतराचा आहे. ७० मिमीला तुम्ही दीड-दोन मीटर लांब उभे राहता आणि आजीचा चेहरा आजीसारखा येतो. तिसरं, फ्लॅश. मोबाइलचा म्हणजे नुसती बॅटरी पेटवल्यासारखा एलईडी. कॅमेऱ्यातल्या खऱ्या फ्लॅशचा लखलखाट सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास संपतो, त्यामुळे नाचणारं मूल जागच्या जागी थिजतं. ही तीन कामं तुमच्या घरात रोजची आहेत, म्हणून तुम्हाला मी कॅमेरा घ्या म्हणतोय. ती नसती तर मेहुण्यांच्या बाजूने उभा राहिलो असतो.

आता नावं. सोनीने आरएक्स१०० ही मालिका २०१२ मध्ये सुरू केली आणि खिशातल्या कॅमेऱ्यात पहिल्यांदा एक इंची सेन्सर आला. पहिल्या मॉडेलची लेन्स २८ ते १०० मिमी, पण एफ १.८ फक्त रुंद टोकाला, १०० ला पोहोचेपर्यंत ती ४.९ होते. स्क्रीनही जागची हलत नाही. तुमच्यासाठी मी पाहीन तो मार्क ३, २०१४ चा: २४ ते ७० मिमी, एफ १.८ ते २.८. म्हणजे चेहऱ्याच्या टोकालाही उजेड शाबूत. स्क्रीन वर उलटते, उन्हात बघायला वर उचलला जाणारा छोटा व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) आहे, वजन २९० ग्रॅम. मार्क ५ मध्ये, २०१६ च्या, फोकस फार वेगवान झाला. तुमच्या पैशांत चांगल्या अवस्थेतला मिळाला तर सोडू नका, पण बहुधा मिळणार नाही.

कॅननचा जी७एक्स मार्क २, हाही २०१६ चा, २४ ते १०० मिमी आणि एफ १.८ ते २.८. कागदावर सोनीपेक्षा सरस, स्क्रीनला बोट लावून फोकस होतो, त्वचेचा रंग आपल्याकडच्या लोकांना आवडेल असा येतो, माझ्या मते सोनीपेक्षा बराच चांगला. व्ह्यूफाइंडर नाही आणि बॅटरी लवकर संपते. अडचण दुसरीच आहे: गेल्या तीन-चार वर्षांत तरुण मुलामुलींत छोट्या कॅमेऱ्यांची लाट आली आणि या मालिकेचे जुन्या बाजारातले भाव चढले. भाव अवाच्या सवा असेल तर सोनी घ्या, फरक तेवढा नाही. थोडा जास्त झूम हवाच असेल, मुलीच्या स्नेहसंमेलनासाठी वगैरे, तर पॅनासोनिकचा टीझेड१०० बघा: एक इंची सेन्सर आणि २५ ते २५० मिमी. पण लेन्स एफ २.८ ते ५.९, म्हणजे घरातल्या उजेडाचा काही भाग तुम्ही झूमला देऊन टाकला.

कॅमेऱ्याच्या धंद्याचं काय झालं हेही लक्षात ठेवा. २०१० मध्ये जगात १२ कोटींवर डिजिटल कॅमेरे कारखान्यातून बाहेर पडले होते, त्यातले बहुतेक छोटेच. २०२३ मध्ये असे छोटे कॅमेरे १७-१८ लाखच निघाले. कंपन्यांनी स्वस्त मॉडेलं बंद करून महागडी ठेवली. त्यामुळे नवा एक इंची आता ३५ हजारांत बसत नाही, आणि वापरलेला घेण्यात कमीपणा मुळीच नाही.

मात्र वापरलेला घ्यायचा तर हातात घेऊन, तपासून. मुंबईला जाणं होत असेल तर फोर्टातल्या बोरा बाजारात एक सकाळ द्या, नाहीतर जवळच्या शहरातल्या ओळखीच्या दुकानात जा. फोटो बघून कुरियरने मागवू नका. जाताना स्वतःचं मेमरी कार्ड, एक छोटी विजेरी आणि वर्तमानपत्राचं पान न्या. कॅमेरा दहा वेळा चालू-बंद करा आणि कान देऊन ऐका. लेन्स बाहेर येताना घर्रर असा, जात्यात खडा आल्यासारखा आवाज आला तर तिथेच खाली ठेवा, आत वाळू आहे. झूम या टोकापासून त्या टोकापर्यंत चार वेळा न्या. मग वर्तमानपत्र भिंतीला सपाट चिकटवा, समोर सरळ उभे राहून रुंद टोकाला फोटो घ्या आणि स्क्रीनवर चारही कोपरे मोठे करून बघा. तीन कोपऱ्यांतली अक्षरं वाचता येतात आणि चौथ्यातली पुसट, असं असेल तर कॅमेरा कधीतरी पडला आहे आणि आतली एखादी काच सरकली आहे. वरून ओरखडा नसला तरी हा दोष असतो आणि दुरुस्तीत तो सहसा पूर्ण जात नाही. माझ्या टेबलावर येणाऱ्या जुन्या कॅमेऱ्यांत हा फार दिसतो.

त्यानंतर एफ ८ किंवा ११ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो. राखाडी ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे, आणि या कॅमेऱ्यांची लेन्स निघत नसल्यामुळे ती पुसायला आख्खा कॅमेरा खोलावा लागतो. विजेरी तिरकी धरून लेन्समध्ये पाहा, कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी म्हणजे बुरशी. फ्लॅश उडवून बघा, अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून आवाज ऐका, स्क्रीन वर-खाली करताना चित्र फडफडतं का बघा. फडफडलं तर स्क्रीनला जोडणारी आतली तारांची पट्टी तुटत आली आहे. बॅटरी काढून टेबलावर ठेवा. फुगलेली असेल तर गोल फिरते. सोनीच्या या मालिकेला एनपी-बीएक्स१ लागते, कॅननच्या जी७एक्सला एनबी-१३एल. दोन्ही मिळतात, तेव्हा जुन्या बॅटरीवर भरवसा न ठेवता एक नवी धरूनच हिशेब करा. विमानाने गेलात तर जादा बॅटरी हातातल्या बॅगेतच ठेवायची, सामानात टाकायची नाही.

बिल घ्या आणि बिलावर कॅमेऱ्याचा सीरियल नंबर लिहून घ्या. दुकानाची महिनाभराची तरी लेखी हमी मागा. ‘बिलाशिवाय चार हजार कमी’ म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. चोरीचा निघाला तर कॅमेराही जातो आणि मनस्तापही होतो.

कोकणाबद्दल एक गोष्ट जीव तोडून सांगतो. मी माझा पहिला चांगला छोटा कॅमेरा तारकर्लीला घालवला. पाण्यात पडला नाही, काही नाही. ओल्या हाताने वाळूवर ठेवला, पाच मिनिटांनी उचलला, चालू केला. लेन्स बाहेर आली, अर्धी आत गेली आणि अडकली. सर्व्हिस सेंटरने सांगितलेल्या खर्चात दुसरा जुना कॅमेरा आला असता. लेन्स आत-बाहेर होताना पंपासारखी हवा ओढते आणि हवेबरोबर वाळूचा कणही. म्हणून किनाऱ्यावर कॅमेरा पिशवीतून काढला की लगेच हातात, फोटो झाला की बंद करून परत पिशवीत. खिशातही नको, वाळू तिथेच जास्त असते. घरी आल्यावर लेन्स बाहेर काढून ब्लोअरने (हाताने दाबायच्या रबरी पंपाने) हवा मारा, मग आत जाऊ द्या. पावसाळ्यात झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा, चामड्याच्या पाकिटात नाही, चामड्यावर बुरशी आधी येते. आणि महिन्यातून एकदा तरी बाहेर काढून वापरा.

सेटिंग फार शिकायची गरज नाही. मुलासाठी डायलवर एस (कॅननवर ‘Tv’ अशी खूण), म्हणजे शटरचा वेग आपण ठरवायचा पर्याय, लावा, शटर १/२५०, आयएसओ ऑटो, कमाल मर्यादा ३२००. मार्क ३ चा फोकस धावत्या मुलामागे पळायला कमी पडतो, हे आधीच सांगतो. त्यावर जुनी युक्ती: झोपाळा जिथे क्षणभर थांबतो किंवा मूल जिथून वळणार, तिथे बटण अर्धं दाबून फोकस धरून ठेवा आणि ते आलं की पूर्ण दाबा. गणपतीत मखरातल्या एलईडीच्या माळांमुळे फोटोवर आडवे पट्टे आले तर शटर १/१०० किंवा १/५० करा, आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे या वेगाला बहुतेक वेळा पट्टे जातात. त्याच कारणाने व्हिडिओसाठी मेनूत ‘PAL’ ही आपल्याकडची व्हिडिओ पद्धत निवडून २५ किंवा ५० फ्रेमचा पर्याय ठेवा. सोनीचा इवलासा फ्लॅश बोटाने मागे दाबला की छताकडे बघतो. पांढरं छत असेल तर उजेड वरून मऊ पडतो, समईच्या पितळेवर पांढरा डाग येत नाही आणि आजीच्या चष्म्यातही चमक येत नाही. हे एकदा करून बघाच.

कार्ड एकच मोठं घेण्यापेक्षा ३२ जीबीची दोन चांगली घ्या, पक्क्या बिलाची. आणि फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले म्हणजे जपले असं समजू नका. माझ्याकडे महिन्यातून दोन-तीनदा तरी कोणीतरी डोळे पुसत येतं, मोबाइलमध्ये लग्नाचा ग्रुप फोटो, त्यात तिसऱ्या ओळीत आजी किंवा आजोबा. तेवढा चेहरा कापून हार घालायला मोठा करून द्या म्हणतात. तो फोटो चार ग्रुपमधून फिरून आलेला असतो, चेहऱ्याला जेमतेम शंभर पिक्सेल उरलेले. मी करून देतो, पण तो चेहरा त्यांचा राहत नाही. तुमच्याकडे आजी आहेत. कॅमेरा आला की पहिल्याच आठवड्यात, सकाळी नऊच्या सुमाराला, स्वयंपाकघराच्या खिडकीशी त्या भाजी निवडत असताना ७० मिमीला, फ्लॅश न वापरता, पंधरा-वीस फोटो घ्या. बसवून, पदर नीट करायला लावून नको, काम करतानाच. त्यातले दोन ८ बाय १२ मध्ये प्रिंट करून आणा, आणि मूळ फाइल संगणकावर आणि एका वेगळ्या हार्ड डिस्कवर, अशा दोन ठिकाणी ठेवा.

शेवटी तुम्ही विचारलंय, मुलीच्या हातात द्यावा का. द्या. मनगटाची दोरी घालायला लावा, वाळूचं वर सांगितलेलं तिला वाचून दाखवा, आणि सहलीत एक दिवस कॅमेरा पूर्ण तिच्याकडे राहू द्या. तुम्ही दोघं एकत्र असलेले फोटो त्याच दिवसाचे निघतील.